चौथ्या दिवसाचं पाणी

बोरिवली पूर्व,
१६ नोव्हेंबर २०२५

श्रेयस,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, अण्णांचा केलास, आणि लँडलाइन तर आपण केव्हाच काढून टाकली. पत्र ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं, पण त्यासाठी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात आलेलं तू वाचल्याशिवाय टाकणार नाहीस. लहानपणी भेळेचा कागदसुद्धा वाचून मग चुरगळायचास.

मुद्द्याचं सांगते. अण्णा चालायला निघालेत. इगतपुरीहून भीमाशंकर, घाटमाथ्याने, नऊ दिवस. तोच रस्ता, तेच मुक्काम. वय त्र्याहत्तर. समजावून झालं, भांडून झालं, एक दिवस मी जेवले नाही, तेही करून झालं. त्यांनी शांतपणे माझं ताट झाकून ठेवलं आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं.

माळ्यावरची सॅक खाली आली आहे. बुटांचे तळवे स्टेशनजवळच्या चांभाराकडून शिवून आणले. तुझ्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नाही. पलंगावर डाळ-तांदळाच्या पिशव्या, खाली स्टोव्ह, दोर, ताडपत्री, आणि कोपऱ्यात पाण्याचा निळा कॅन. हो, तोच. मी म्हटलं, निदान हा तरी टाकून द्या. म्हणाले, "कशाला? गळत नाही अजून."

निघायची तारीख सहा मार्च. आता तूच सांग, मार्चमध्ये शहाणा माणूस घाटमाथ्यावर जातो का? मी म्हटलं, जायचंच तर डिसेंबरात जा, ऊन कमी, टाकी भरलेली. "नाही. मार्चमध्येच जायचं." कारण विचारलं की चष्मा पुसत बसतात.

पुढचं तुला माहीत आहे. तू तिथे होतास, मी नव्हते. तरी एकदा सरळ लिहून बघते, कारण या घरात ते कोणी सरळ बोललेलंच नाही. २०१९चा मार्च. चौथा दिवस, ती डोंगराची लांबलचक उघडी धार. वाघजाईच्या ठाण्यामागच्या टाक्यात पाणी मिळेल या हिशेबाने सगळे निघाले, आणि टाक्यात वानर मरून पडलेलं. बावीस मंडळी आणि एका कॅनच्या तळाशी उरलेलं पाणी. अण्णा कॅनपाशी उभे राहिले आणि झाकणाने वाटायला लागले. आधी पाहुणे, मग घरचे. आपल्या घरात पंगत अशीच बसते, अण्णांच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्येही अशीच बसायची. आई सगळ्यांसाठी पिठलं-भात रांधायची आणि शेवटी खरवड खायची. त्या दिवशीही ती म्हणाली, "आधी त्या पोरांना द्या. मी काय, घरचीच आहे." तू सगळ्यात मागचा माणूस, म्हणून तिच्याजवळ होतास. झाकण तिच्यापर्यंत आलं तेव्हा कॅनमध्ये पाणी शिल्लक होतं. पुरून उरलं होतं. फक्त तिला ते गिळता येईना.

त्यानंतरचं मला माहीत आहे, कारण त्यानंतर मी होते.

तर आता कामाचं. ग्रुप कुठेही निघाला तरी पुढे अण्णा आणि मागे एक भरवशाचा माणूस, कोणी गळपटलं तर त्याला सांभाळून आणणारा. मागचा माणूस ठरल्याशिवाय निघायचं नाही, हा नियम त्यांचाच. पुढे ते, मध्ये मी, कारण मी त्यांना एकट्याला सोडणार नाही. मागे कोण विचारलं की म्हणतात, "मागे श्रेयस." जणू तू आत बूट घालतोयस.

तू आलास तर त्यांच्यावर नजर ठेवायला दोघं असू. नाही आलास तर नियमाप्रमाणे जाणं रद्द व्हायला हवं, पण ते रद्द करणार नाहीत. विचार कर. तब्येतीची काळजी नको, ते ठणठणीत आहेत.

ताई


बोरिवली,
७ डिसेंबर

श्रेयस,

तुझ्या अपूर्वाचा मेसेज आला. बिचारीने किती वेळा लिहून खोडला असेल कोण जाणे. "गंधालीताई, तो म्हणाला, त्या घरचं पाणी पिणार नाही म्हटलं होतं, ते अजून तसंच आहे. सॉरी." पुढे हात जोडलेलं चित्र.

मला तो दिवस आठवतो. स्मशानातून तुम्ही परत आलात. शेजारच्या सुनंदाकाकूंनी तुझ्या हातात पाण्याचा पेला दिला. तू तो तसाच फरशीवर पालथा घातलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "या घरचं पाणी मी पिणार नाही." लोकांना वाटलं, दुःखात बोलतोय, दहाव्यापर्यंत निवळेल. दहावं झालं, तेरावं झालं, तू मुलुंडला राहायला गेलास. काकू अजून मला विचारतात, "गं, येतो का तो?" मी सांगते, कामात आहे. सात वर्षं तू कामात आहेस. खाण तशी माती, दुसरं काय. ते हट्टी, तू हट्टी, आणि मध्ये बसून दोघांची भांडी घासायला मी.

आमचं काय चाललंय ते ऐक. अण्णांनी जुनी पद्धत सोडलेली नाही. चालायला जायच्या आधी प्रत्येकाच्या घरी जायचं, घरच्यांसमोर बसायचं, "तुमच्या माणसाला घेऊन जातो, आणून सोडतो" असं सांगून परवानगी घ्यायची. व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात हे कोण करतं? पण गेले चार रविवार आम्ही जुन्या मंडळींची दारं वाजवतोय. एकाने ऑफिसचं सांगितलं, एकाने बायकोचं. दहिसरच्या नमिताने तर दार उघडून आम्हाला पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिला विचारायचंही अण्णांनी टाळलं.

मागच्या रविवारी घाटकोपरला धवलकडे गेलो. आठवतो ना, कॉलेजातला लुकडा, जो सारखा "सर, अजून किती?" विचारायचा? आता डेंटिस्ट आहे, पोट सुटलंय.

"सर, मार्चमध्ये? वाट लागेल ना यार," तो म्हणाला. मग स्वतःच चपापला. "म्हणजे, माझा गुडघा पण गेलाय."

त्याची मम्मी ट्रेमध्ये पाणी घेऊन आली. अण्णांनी ग्लासला बोट लावलं आणि तो तसाच टीपॉयवर ठेवला. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पाणी तर घ्या, नंदकुमारभाई. आमच्या घरचं चालत नाही काय?"

"चालतं हो. नंतर घेतो."

नंतर म्हणजे कधीच नाही. मग मम्मीने हात जोडून सांगितलं की धवलला पाठवणार नाही, राग मानू नका. अण्णा म्हणाले, "राग कसला? तुमचं बरोबर आहे." आणि उठले.

धवल आम्हाला खाली सोडायला आला. अण्णा रिक्षा बघायला पुढे गेले तेव्हा मला म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी दोनदा प्यायलो. सरांनी विचारलं, अजून हवं का, मी हो म्हटलं. तुमच्या आई बाजूलाच बसल्या होत्या, हसल्या माझ्याकडे बघून. माझ्या मम्मीला हे माहीत नाही." मी त्याला म्हटलं, जा वर, उन्हात उभा राहू नकोस.

तिथून मुलुंडला एकाकडे जायचं होतं. रिक्षा तुझ्या बिल्डिंगसमोरून गेली. अण्णांनी ती थांबवली नाही, पण वाकून वर बघितलं, तुझा मजला दिसेपर्यंत. त्या दुसऱ्या घरीही नकारच मिळाला, आणि तिथेही त्यांनी पाणी घेतलं नाही. मला वाटलं, या वयात बाहेर पडलं की बाथरूमची पंचाईत नको म्हणून टाळत असतील. सगळेच म्हातारे करतात.

म्हणजे आता आम्ही दोघंच, आणि मागे तू, जो येणार नाहीस.

ताई


बोरिवली,
११ जानेवारी २०२६

श्रेयस,

ठणठणीत आहेत, असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. दिवाळीआधीच डॉक्टरांनी सांगितलंय की दोन्ही किडन्या कमजोर झाल्यात, पाणी भरपूर प्यायला हवं, उन्हात फिरणं बंद. तुला लिहिलं नाही, कारण तू दयेने यावंस असं मला वाटत नव्हतं. आता दयेने आलास तरी चालेल.

झालं असं. ते रोज भर दुपारी नॅशनल पार्कात जातात, कान्हेरीपर्यंत चढून परत येतात. सराव. मी अंधेरीला ऑफिसात, त्यामुळे मला फक्त संध्याकाळी सॅक दिसायची. शुक्रवारी मी सुट्टीवर होते. ते परत आले, ओठ पांढरे पडलेले. मी त्यांच्या हातून सॅक घेतली तर जड. आतली बाटली काठोकाठ भरलेली, सकाळी मी भरून दिली होती तशी.

"अण्णा, पाणी नाही प्यायलात?"

"तहान नव्हती."

शनिवारी मी त्यांच्यासोबत गेले. वर लेण्यांत पाण्याची टाकी आहेत ना, त्यातल्या एकाच्या काठावर ते बसले आणि आत बघत राहिले. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. मी बाटली पुढे केली. म्हणाले, "तू पी." मी प्यायले. "आता तुम्ही." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि ती माझ्याच सॅकमध्ये ठेवली.

मग मला सगळं दिसायला लागलं. सात वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि मी ते म्हातारपणाच्या खात्यात टाकत होते. तुझा पेला आठवतो, पहिल्या वाढदिवसाला आत्याने दिलेला, "चि. श्रेयस" कोरलेला? तू गेल्यापासून रोज जेवताना ते आधी माझा पेला भरतात, मग तो भरून तुझ्या पाटासमोर ठेवतात. मला वाटायचं, आठवण म्हणून करतात. मी प्यायले की ते तुझ्या पेल्याकडे बघतात. तो भरलेलाच असतो. मग ते आपल्या पेल्यातून ओठ ओले केल्यासारखं करतात आणि उठतात. पूर्वी अर्धा पेला तरी घ्यायचे, आता औषधापुरता घोट आणि कपभर चहा, एवढंच. सकाळी तुझं पाणी मी तुळशीला घालते. तुळस मात्र छान वाढली आहे.

मी त्यांना तिथेच, कान्हेरीत, विचारलं. आजूबाजूला शाळेची सहल होती, तरी विचारलं.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"आधी घरच्यांनी प्यायचं," ते म्हणाले. "सगळ्यांनी. मग मी."

"श्रेयस घरी नाहीये, अण्णा."

"म्हणून तर थांबलोय."

"आणि मार्चमध्ये त्या धारेवर कशाला जायचंय? मरायला?"

ते पुन्हा टाक्यात बघायला लागले. मग म्हणाले, "मरायला नाही गं. तिला किती तहान लागली होती, ते मला माहीत नाही. मी कॅनपाशी होतो. सगळ्यांचे चेहरे बघितले, तिचाच बघितला नाही."

मला त्यांचा राग आला, श्रेयस. प्रचंड. आईचा जीव घेतला तोही पंक्तीच्या नियमाने, आणि आता स्वतःचा घेणार तोही पंक्तीच्या नियमाने, फक्त पाट उलटे मांडून. आणि मग तुझा राग आला, कारण तुझी शपथ आणि त्यांचा नियम एकमेकांत असे अडकलेत की मध्ये माणूस सुकून चाललाय. तू या घरचं पाणी पिणार नाहीस. तू प्यायल्याशिवाय ते पिणार नाहीत. सांग, मी कोणाच्या घशात ओतू?

म्हणून आता मागचा माणूस वगैरे राहू दे. चालायला नको येऊस. मी तुझ्याकडे एकच मागते. एकदा ये, दारातल्या दारात उभा राहा, हवं तर चपलाही काढू नकोस, आणि त्यांच्यासमोर एक पेला पाणी पी. बोलू नकोस, माफ करू नकोस. पाणी पी आणि जा. तुझं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. आई मला तुझ्याइतकीच हवी होती. पण ती गेली, आणि हे अजून आहेत.

ताई


बोरिवली,
३ फेब्रुवारी

श्रेयस,

तू आला नाहीस. पत्र पोचलं, अपूर्वाने सही करून घेतलं, हे पोस्टाच्या साइटवर दिसतंय.

तयारी पूर्ण झाली होती, तेही ऐकून ठेव. पुढच्या मुक्कामांचा शिधा अण्णांनी आधीच गावांत पोचता केला. धारेखालच्या वाडीतल्या भाऊंचा फोन आला, त्या दिवशी आईला ज्यांनी डोलीतून उतरवलं ते भाऊ. ते आता दर उन्हाळ्याआधी टाकं उपसून साफ करतात, वर काटेरी फांद्या टाकून ठेवतात, म्हणजे जनावर आत पडत नाही. म्हणाले, "या की सर. पाणी पार काचेवानी हाय. पोटभर प्या." अण्णा फोन कानाला लावून नुसते हं हं करत होते. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "टाक्यात पाणी आहे म्हणे." असं म्हणाले, जणू कोणीतरी त्यांच्याकडून काही काढून घेतलं.

त्यानंतर पार्कात जाणं वाढलं. मी दाराला कुलूप लावून ऑफिसला जाऊ का? एक दिवस लावलं. सुनंदाकाकूंकडच्या किल्लीने त्यांनी उघडून घेतलं, आणि काकूंना सांगितलं की गंधाली चुकून लावून गेली. खोटं बोलायलाही शिकलेत.

काल दुपारी पार्काच्या गेटजवळ पडले. काकडीवाल्या बाईने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं, खिशातल्या फोनवरून मला फोन लावला. सॅकमध्ये भरलेली बाटली होती. आता इथे हॉस्पिटलात, सलाइन लावलंय. किडन्या जवळजवळ थांबल्यात, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी विचारलं, पाणी किती पीत होते रोज? मी सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, ही मुलगी घरात काय करत होती. बरोबरच वाटलं असेल.

पत्ता अपूर्वाला पाठवलाय. आता नियम, शपथ, काही लिहीत नाही. हात दुखतोय.

ताई


बोरिवली,
२२ फेब्रुवारी

श्रेयस,

तू आलास. मी हॉस्पिटलच्या दारात तुला पाहिलं आणि क्षणभर अण्णाच उभे आहेत असं वाटलं, तसाच एक खांदा खाली झुकलेला. केस पिकले तुझे.

तू गेल्यावर जे झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आधी जे झालं ते. तू पलंगाजवळ उभा राहिलास. "कसे आहात?" म्हणालास. ते म्हणाले, "बरा आहे. सहा तारखेला निघायचं. मागे तू आहेस ना?" तुझी नजर उशाकडे गेली. उशाशी तुझा पेला होता, मी घरून आणून भरून ठेवलेला. तू त्याच्यावरचं नाव वाचलंस, मी पाहिलं. अपूर्वाने तुझ्या दंडाला हात लावला. तू हात पुढे केलास, अर्धा. मग मागे घेतलास, तुझी बॅग उघडलीस आणि तुझ्या घरून आणलेल्या बाटलीतून घटाघट पाणी प्यायलास, खिडकीकडे तोंड करून. त्या क्षणी तुला कानाखाली द्यावीशी वाटली. मुलुंडहून पाणी भरून आणलं होतंस, आपल्या बापाच्या उशाशी उभं राहून प्यायला.

लिफ्टपाशी मी विचारलं, पत्रं वाचलीस का? तू म्हणालास, "सगळी वाचली."

"मग?"

"त्या दिवशी मी तिच्या तोंडात पाणी घातलं, ताई. ते बाजूने ओघळत होतं. मला या घरचं पाणी घशाखाली उतरत नाही. शपथ वगैरे राहू दे. उतरतच नाही."

सात वर्षांत हे तू पहिल्यांदा बोललास. लिफ्ट आली आणि तू गेलास.

आता पुढचं. मी खोलीत आले तर अण्णा उठून बसायचा प्रयत्न करत होते. म्हणाले, "प्यायला ना तो?"

मी म्हटलं, "हो."

"मी बघितलं. गळा हलत होता त्याचा." मग थोडं थांबून, "तुझं झालंय?"

"झालंय."

"मग दे मला आता. खूप तहान लागली आहे."

श्रेयस, सात वर्षांनी त्यांनी स्वतःहून पाणी मागितलं. तुझ्या बाटलीतल्या पाण्याने त्यांचं समाधान झालं, घरचं की दारचं हे त्यांनी विचारलंही नाही. मी पेला उचलला आणि सिस्टरने माझा हात धरला. "ताई, त्यांचं आजचं संपलंय. आता उद्या."

कारण आता किडन्या पाणी बाहेर टाकतच नाहीत. आत गेलेलं अंगात साठतं, पायांत, पोटात, मग छातीत. दिवसाला एवढं आणि एवढंच, असं मोजून दिलंय, आणि त्यातलं बरंचसं औषधातच जातं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला हे समजावलं होतं, आणि मी मान डोलावली होती, कारण मला वाटलं, हे थोडेच मागणार आहेत?

त्यांना वाटलं, मी मुद्दाम देत नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अजून कोणी राहिलंय का प्यायचं?"

मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि रडले. तुझ्याशिवाय हे सांगायला मला कोणी नाही, म्हणून तुला सांगतेय.

ताई


हॉस्पिटल,
८ मार्च

श्रेयस,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. मी स्वतः मुलुंडला येऊन तुझ्या वॉचमनकडे देणार आहे. वर येणार नाही, घाबरू नकोस. मला लगेच परत फिरायचंय.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. काही महिने, असं डॉक्टर म्हणतात, आणि "काही" म्हणताना खाली बघतात. अंगावर सूज आहे आणि तोंडाला कोरड. जीभ टाळूला चिकटते म्हणतात. मी ओल्या कापसाने ओठ पुसते.

परवा, सहा तारखेला, सकाळी त्यांनी मला उठवलं. म्हणाले, "बूट घाल, गाडी इगतपुरीला थांबेल." मला वाटलं, भ्रम झाला. पण भ्रम नव्हता. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "माहीत आहे गं, मी इथे आहे. पण ठरलंय तर निघायचं." तेव्हापासून ते पडल्या पडल्या चालतायत. कुठली खिंड आली, कुठे वळायचं, सगळं सांगतात. काल दुपारी मला म्हणाले की करवंदीच्या जाळीतून जरा जपून ये. आणि मध्येच विचारतात, "मागचा पोचला का?"

त्यांच्या वाट्याचं पाणी दिवसातून थोड्या थोड्या घोटांनी देतात. तेही ते सुखाने घेत नाहीत. झाकणभर पाणी हातात धरतात आणि मला विचारतात, "तू घेतलंस?" हो म्हणून भागत नाही, त्यांना बघायचं असतं. म्हणून त्या तहानेने कासावीस झालेल्या माणसासमोर मी पेलाभर पाणी पिते. रोज, प्रत्येक वेळी. तहान नसते, घशाशी येतं, तरी सगळं संपवते. ते माझ्या गळ्याकडे बघत असतात. माझं झालं की मग त्यांचे दोन घोट. पहिल्या दिवशी मला ओकारी झाली. आता होत नाही.

आज तिसरा मुक्काम. मगाशी म्हणाले, "उद्या धार. उद्या पाणी मी वाटणार. आधी श्रेयस, मग तू, मग मी." मी म्हटलं, श्रेयसला यायला जमलं नाही तर? ते म्हणाले, "तर मी थांबीन." त्यांचं थांबणं तुला आणि मला माहीत आहे. उद्याच्या गोळ्याही त्याच घोटांबरोबर घ्यायच्या आहेत, त्याही मग राहतील.

तुला उतरत नाही म्हणालास. मी ते विसरलेले नाही, आणि त्याचा रागही आता राहिला नाही. आई तुझ्या मांडीवर गेली, माझ्या नाही. पण माझ्याही घशाखाली उतरत नव्हतं. बसून, एक एक घोट करून उतरवायला शिकले. मी शेजारी असेन.

उद्या ये. नळाचंच पाणी आहे, घरून मी उकळून आणते. तुझा पेला भरून त्यांच्या हातात देईन, ते तुझ्या हातात देतील. हात थरथरतो त्यांचा, थोडं सांडेल. उरेल तेवढं त्यांच्यासमोर बसून पी. येताना बाटली आणू नकोस.

आधी तू पी. आपण काय, घरचेच आहोत.

ताई